येऊनकायमराहा

काल लेक तिच्या ऑफिसातलं सांगत होती. कॉम्प्युटरला सलग मजकूर दिला की लेक्सर नावाचा प्रोग्रॅम नियम लावून त्याचे तुकडे पाडतो म्हणे... आणि नियम चुकला की तुकडे भलतीकडेच पडतात. तिला म्हटलं, बाई गं, हा उद्योग मी सोलापुरात पन्नास वर्षांपूर्वी केलाय. एका सुनेच्या अंगाशी आला होता...

मी तेव्हा कॉलेजात होते. मिलच्या चाळीत दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. मारुतीच्या देवळाचा ओटा, एक फळा आणि बारा-पंधरा बायका.

त्यातली सुंदराबाई सगळ्यात हुशार. महिन्याभरात अक्षरं आली, जोडाक्षरं आली... पण लिहायची सगळं सलग. दोन शब्दांत जागा म्हणून सोडायची नाही. एक बोट जागा सोडायची, असं मी शंभरदा सांगितलं असेल. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "बोलताना आमी कुटं जागा सोडतो, बाई?"

मग घरी बसून मी नियमच तयार केले. आधी सलग लिहायचं. मग आणि, पण, नको, नका असे छोटे शब्द दिसतील तिथं दोन्ही बाजूंनी पेन्सिलीची रेघ मारायची. रेघ तिथं जागा. मला माझाच अभिमान वाटला होता.

आठवडाभर झकास चाललं. एकदा 'दारात पणती लावली'चं 'दारात पण ती लावली' झालं, तेव्हा सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. तिथंच शहाणं व्हायला हवं होतं...

सुंदराबाईला एवढी घाई होती त्याला कारण होतं. तिची सासू मोडनिंबला एकटी राहायची. दोघींचं वर्षापूर्वी कडाक्याचं भांडण झालेलं, तेव्हापासून सासू सोलापूरला फिरकली नव्हती. आता चाळीत दुसरी खोली मिळाली होती, आणि सुंदराबाईला तिला कायमचं बोलवायचं होतं. नवरा म्हणत होता, कुणाकडून तरी लिहून घे. पण भांडले मी, तर लिहिणार पण मीच, असा तिचा हट्ट.

कार्ड तिनं मला दाखवलं नाही. घरातलं आहे म्हणाली आणि टाकलं पेटीत. मला कोण आनंद झाला...

पाचव्या दिवशी, भर वर्गात, एक उंच म्हातारी ओट्यासमोर येऊन उभी राहिली. धुळीनं पांढरे झालेले पाय, हातात पोस्टकार्ड. सुंदराबाई पाया पडायला वाकली तर म्हातारीनं पाय मागं घेतले. कार्ड पुढं धरलं. "वाच."

सुंदराबाईनं वाचलं. "आत्याबाई, आता तुमी येऊन कायम राहा."

म्हातारी म्हणाली, "पोस्टमननं असं न्हाय वाचलं. त्यो म्हनला, तुमी येऊ नका. यम राहा."

पोस्टमननं तिला अर्थही समजावून दिला होता... येऊ नका, यमाकडं जाऊन राहा. तेही चार आयाबायांसमोर.

मी कार्ड घेतलं आणि बघितलं. 'येऊनकायम' मधला 'नका' सुंदराबाईनं बरोब्बर हेरला होता. दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा. पोस्टमनचं काहीच चुकलं नव्हतं. सुंदराबाईचंही नव्हतं.

मी बारा-पंधरा बायकांसमोर सांगून टाकलं की चूक माझी आहे, नियम माझा आहे. म्हातारी मला वरपासून खालपर्यंत बघत होती. मास्तरीण सुनेला पाठीशी घालतेय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सुंदराबाई खांबाला टेकून रडत होती.

मग म्हातारी मला म्हणाली, "थांबत थांबत वाचू नगं. एका दमात म्हन."

मी म्हटलं. येऊनकायमराहा.

तिनं डोळे मिटले. स्वतःशीच दोनदा पुटपुटली... येऊनकायमराहा, येऊनकायमराहा. मग सुनेकडं वळून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आगं, मग ऱ्हाते की."

मी त्याच दिवशी नियम बदलला. आधी मोठा शब्द सापडतो का बघायचं, मगच छोट्याला हात लावायचा. माझा अभिमान तेवढा परत आला नाही, ते बरंच झालं...

पण मला अजून वाटतं, म्हातारीच्या जागी दुसरी कुणी असती तर कार्ड चुलीत घालून जन्मभर रुसून बसली असती. ही पहिल्या एसटीनं भांडायला आली. तिच्या त्या भांडकुदळपणाचे माझ्यावर फार उपकार आहेत.