सुमनची ओव्हर कुणी घ्यायची?

लोहा सोडून एसटी नांदेडच्या रस्त्याला लागली तेव्हा फोन वाजला. स्क्रीनवर 'सुमन' दिसलं आणि मी हसलेच. मांडीवर डबा होता, बिनमिठाच्या मुगाच्या खिचडीचा. म्हटलं, बाईसाहेबांना भूक लागलेली दिसते. तिचा फोन कायम एकाच वाक्यानं सुरू व्हायचा, "ऊट आय्ता?" जेवलीस का, एवढाच त्याचा अर्थ. मी उदगीरची, आमच्या घरात निम्मं कानडी चालायचं. मुखेडच्या या बाईनं हॉस्टेलात माझ्याकडून तेवढं एकच वाक्य उचललं आणि जन्मभर माझ्यावरच चालवलं. म्हणून या वेळी मीच आधी बोलले, "आले गं आले, खिचडी घेऊनच येऊन राहिले." पलीकडून एक कोवळा आवाज आला, रडून बसलेला... "मावशी, मी वॉर्डातली आरती सिस्टर बोलतेय. मॅडम गेल्या." मी विचारलं, "कुठं गेली?" खरंच, असंच विचारलं. उभा जन्म दवाखान्यात काढलेली बाई मी, किती जणांच्या नातेवाइकांना हीच खबर स्वतःच्या तोंडानं दिलेली, आणि माझ्यावर आली तर कुठं गेली म्हणून विचारते! शेजारच्या बाईनं माझ्या हातातला डबा काढून घेतला, कारण तो कलंडायला लागला होता.

महिना उलटून गेलाय. रोज लिहायला बसते आणि उठते. आज मात्र लिहायचंच ठरवलंय.

सुमन आणि मी लातूरच्या नर्सिंगच्या हॉस्टेलात एका खोलीत पडलो, ते निव्वळ दैव. माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान, गळ्यात लिंग, घरात कांदा-लसणाचासुद्धा विचार करणारी माणसं. आणि ही मुखेडची, बौद्ध घरातली, पत्र्याच्या पेटीवर बाबासाहेबांचा फोटो चिकटवून आलेली. पहिल्याच आठवड्यात मला जखमेचं ड्रेसिंग करायला लावलं. मी दुकानातल्या सवयीनं बँडेजचा हातभर तुकडा टर्रकन फाडला, आणि जखम उघडल्याबरोबर बाहेर पळत जाऊन ओकले. सुमननं ड्रेसिंग पुरं केलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि वर म्हणते कशी, "उदगीरवाले, जखम बांधायला आलीस का झंपराचं कापड द्यायला?" मी रडता रडता हसले. तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. मी तापट, एक घाव दोन तुकडे. ती शांत, पण स्वतःचंच खरं करणारी. नोकरी लागल्यावर मी लातूरला राहिले, ती नांदेडकडं गेली. कुठला दवाखाना ते लिहीत नाही. कुठलाही समजा, सगळीकडं एकच परिस्थिती हाय.

ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरला वॉर्ड सोपवायचा, त्याला आम्ही 'ओव्हर देणं' म्हणतो. बहुतेक जणी टेबलाशी बसूनच देतात. चार नंबरला ताप, सहा नंबरचं सलाईन संपत आलंय, झालं, पर्स उचलली की निघाल्या. सुमनला ते चालायचं नाही. ती नव्या पोरीला खाटेखाटेशी न्यायची. "ह्या गंगाबाई, कंधारच्या. रात्रभर खोकल्यात. लाजतात, पाणी मागत न्हाईत, आपणच विचारायचं." असं म्हणत पेशंटचा हात उचलून त्या सिस्टरच्या हातात द्यायची. सगळ्या खाटा झाल्या की दाराशी थांबून म्हणायची, "आता हे तुझे." मगच पाणी प्यायची. तोवर बसायचीसुद्धा नाही. भिंतीजवळ एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर ती टेकली की पेशंटच एकमेकींना सांगायच्या, सिस्टरची सुट्टी झाली बघ. मी तिला चिडवायची, "लग्नात पोरगी वाटे लावल्यासारखं काय करतीस गं दर पाळीला?" तर म्हणाली, "मग? माणूसच देऊन राहिलो ना आपण. हातात हात न देता कसं द्यावं?"

पण ओव्हर घ्यायला कुणी यावं तर लागतं! तिथंच सगळं घोडं अडायचं. जागा रिकाम्या, एक बाळंतपणाच्या रजेवर, एकीनं नोकरीच सोडलेली, आणि कंत्राटी पोरगी कधी यायची, कधी कंत्राटच संपायचं. मग सुमनची ड्युटी पुढं सरकायची. तिचे मिस्टर नामदेवराव, शाळामास्तर, फार भला माणूस, सायकलच्या पुढच्या दांडीवर लेकीला, पल्लवीला बसवून फाटकाशी वाट बघत उभे राहायचे. एकदा ती चिमुरडी हात सोडवून थेट वॉर्डात शिरली आणि पहिल्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "मी बसते तुमच्याजवळ. माझ्या आईला घरी सोडा." सगळा वॉर्ड हसला म्हणे. सुमन मला फोनवर सांगताना हसत होती, आणि मधेच नाक ओढत होती.

तीच पल्लवी सिस्टर झाली. नामदेवराव गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी लातूरला माझ्याकडं राहून तिनं जर्मन भाषेचा क्लास लावला. माझ्या स्वयंपाकघरात पीठ मळत ते अवघड शब्द घोकायची. तिच्या वर्गात मुखेडच्या, उमरीच्या, अहमदपूरच्या पोरी होत्या. मी एकदा भडकले. म्हटलं, "सुमे, हा कुठला न्याय? साऱ्या जगात सिस्टर कमी पडल्यात म्हणे. जर्मनीला कमी पडल्या की ते मुखेडच्या पोरी नेतात. मुखेडला कमी पडल्या तर मुखेडनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" सुमन म्हणाली, "तुझं खरं हाय. पण पोरींना कसं अडवू गं? तिकडं एका सिस्टरकडं मोजके पेशंट असतेत म्हणं. माझ्या लेकीला घास तरी बसून खाता येईल."

दरवर्षी परिचारिका दिनाला तिचा सत्कार ठरलेला. शाल, नारळ, आणि एखाद्या पाहुण्यानं 'सेवेच्या देवता' वगैरे म्हणायचं. देवतांना आठवड्याची सुट्टी लागत नाही, म्हणून आम्हाला देवता करून ठेवलंय मेल्यांनी! निवृत्तीच्या वर्षी सुमनला दोन शब्द बोला म्हणाले. ती उठली, शाल घडी घालून हातात धरली आणि म्हणाली, "साहेब, शाली लई झाल्या. आता माझ्या जागी एक पोरगी द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी कुणी दिली नाही. तिच्या सगळ्या शाली वॉर्डातच होत्या. थंडीच्या दिवसांत गोधडी न आणलेल्या म्हाताऱ्या त्या भरजरी काठाच्या शाली पांघरून झोपायच्या, नवरदेवाच्या आईसारख्या दिसायच्या.

निवृत्तीनंतरही ती जायची, कधी ही पोरगी एकटी आहे म्हणून, कधी ती रडली म्हणून. आणि मग छातीत दुखायला लागलं. खासगीत जाऊ म्हटलं तर ऐकेल ती सुमन कसली! आयसीयूत काही दिवस काढले, जरा बरं वाटलं, तेव्हा स्वतःच्याच जुन्या वॉर्डात येऊन पडली. मी लातूरहून जाऊन-येऊन होते. जर्मनीला गेलेल्या पल्लवीला तिनं साधा त्रास आहे असं सांगितलं होतं. शेवटच्या भेटीत मला म्हणाली, "ती आरती बघ. चालताना पळते. आपण अशाच होतो का गं?" मी म्हटलं, "तू होतीस. मी तर ओकत होते." दोघी हसलो. छाती धरून हसली ती.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी वॉर्डात आरती एकटी, आणि शेजारचा लेकरांचा वॉर्डही तिच्याकडंच, कारण तिथली सिस्टर आलीच नव्हती. तिकडून हाक आली, एका लेकराला झटके येत होते. आरती पळाली. पळता पळता दारातल्या खाटेशी थबकली आणि खाटेवरच्या पेशंटला म्हणाली, "मॅडम, जरा बघता का इकडं?"

पेशंटला! हृदयाच्या पेशंटला वॉर्ड सोपवला त्या पोरीनं. दुसऱ्या कुणाकडून अशी चूक झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणाला त्या खाटेवर सिस्टर दिसलीच नसती. आणि सुमन म्हणाली, "जा, जा. आता हे माझे."

पुढचं मला समोरच्या खाटेवरच्या उमरीच्या आजीनं सांगितलं. आजीच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क सरकला होता, तिला तो लावता येईना, ती घाबरली. सुमन खाटेवरून उतरली, भिंत धरत धरत आली, मास्क नीट बसवला, पायांवर शाल ओढली. मग स्टूल जवळ घेतलं आणि आजीचा हात हातात धरून बसली. आरती परत आली तेव्हा आजी तिला म्हणाली, "हळू बोल गं बाई. सिस्टरला डोळा लागलाय."

मी पोचले तेव्हा सुमनला पुन्हा खाटेवर झोपवलं होतं. मी सगळं ऐकलं आणि व्हरांड्यात आरतीवर तुटून पडले. "पेशंटच्या हवाली वॉर्ड करतात का गं? हेच शिकवलं तुला?" ती भिंतीला टेकून उभी होती. एवढंच म्हणाली, "लेकरू निळं पडलं होतं, मावशी. दोन्हीकडं मीच होते." लेकराचं काय झालं, मी विचारलं. वाचलं होतं. माझ्या रागाला जागाच राहिली नाही. राग अजूनही आहे, पण त्या पोरीच्या नावाचा नाही. ज्यांच्या नावाचा आहे ते कधी व्हरांड्यात उभे नसतात.

पल्लवी आली ती जलदानविधीला. तोवर अंत्यसंस्कार उरकले होते. आईच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि माझ्या कुशीत शिरली. "मावशी, मी तिकडं परक्या म्हाताऱ्यांचे हात धरून बसते गं... आणि माझ्या आईचा हात..." मी तिला उमरीच्या आजीचं सांगितलं. म्हटलं, तुझ्या आईचा हात रिकामा नव्हता. ती अजूनच रडली. चार दिवसांनी परत गेली. जायलाच पाहिजे होतं, तिकडंही कुणीतरी तिची वाट बघत ड्युटीवर अडकलेलं होतं.

परवा मी सुमनच्या राहिलेल्या वस्तू आणायला त्या वॉर्डात गेले. उमरीची आजी बरी होऊन घरी गेली होती. सगळे चेहरे नवे. आरती मला बघून आधी घाबरली, मग जवळ आली. म्हणाली, नोकरी सोडावी वाटते. "रोज येते मावशी, सगळं करते. पण हा वॉर्ड माझा वाटतच न्हाई. त्या दिवशी मी मॅडमला दिला आणि... परत घेतलाच न्हाई. अजून त्यांच्याकडंच हाय असं वाटतंय."

मला काय सुचलं कोण जाणे. मी तिचा हात धरला आणि पहिल्या खाटेशी नेलं. मला तर एकीचंही नाव माहीत नव्हतं. "बाई, नाव काय तुमचं? गाव कुठलं?" असं विचारत, प्रत्येकीचा हात तिच्या हातात देत गेले. सुमनच्या खाटेवर मुखेडचीच एक कोवळी पोर होती, अशक्तपणानं पांढरीफटक. तिचाही हात दिला. दाराशी आलो तेव्हा मी म्हणाले, "आता हे तुझे." आरतीनं मान हलवली आणि ओढणीनं तोंड पुसलं.

तेवढ्यात लेकरांच्या वॉर्डातून हाक आली. "सिस्टर! ओ सिस्टर!" आरती वळली, आणि दारातच थांबली. तिकडं बघावं, का इकडं... तिला कळेना. वॉर्डभर नजर फिरवली तिनं. माझ्यावर आली आणि झटकन खाली गेली. तिनं विचारलं नाही. त्या दिवसापासून ती कुणालाच विचारत नाही.

मी म्हणाले, "जा पोरी, पळ. मी हाय."

ती पळाली. मी पिशवी खाली ठेवली, भिंतीजवळचं ते स्टूल ओढलं आणि मुखेडच्या पोरीजवळ बसले. तिचा हात गार पडला होता, म्हणून हातात धरला. आणि तोंडातून आपसूक निघालं, "ऊट आय्ता गं?"