विष खाणारं यीस्ट

अजून आठवलं की डोकं तापतं. सांगलीत अब्बांचं निकेल पॉलिशचं छोटं दुकान होतं. पितळी वस्तूंवर निकेल चढवायचं आणि धुवणाचं हिरवट पाणी मागच्या चरीत सोडून द्यायचं. चर थेट शेजारच्या सुभेदारांच्या विहिरीकडे जायची. फौजेतून परतलेला तो भला माणूस एका शब्दानं भांडला नाही. भांडले मीच, अब्बांशी.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. यीस्टच्या पेशीची भिंत निकेलसारखे जड धातू धरून ठेवते. पेशी मेलेली असली तरी धरते. म्हणून साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतलं वापरून झालेलं यीस्ट आणलं.

"दारूच्या भट्टीतली घाण आनलीस व्हय?" अब्बा कडाडले. आठ दिवस अबोला. शेवटी मी सोपं करून सांगितलं, "अब्बा, हे यीस्ट विष खातं." तेव्हा कुठे ऐकलं. दोन पिंपांत यीस्ट भरून पाणी त्यांतून सोडलं, कॉलेजात तपासलं. पाण्यातलं निकेल बरंच उतरलं होतं. कामातून गेलेलं यीस्ट पोत्यात भरून बाजूला ठेवा, एवढं सांगून मी मोकळी झाले.

एका सकाळी सुभेदार मेथीची जुडी घेऊन आले. "तुज्या मळीनं लय तरारली बघ, पोरी."

मी परसात धावले. पोती नव्हती. साखर कारखान्याची मळी आमच्याकडे कुणी वाया घालवत नाही, खत म्हणून रानात विस्कटतात. यीस्टचा हा गाळही तसाच दिसायचा. विहीर नासवल्याची भरपाई म्हणून अब्बांनीच तो खुशीनं दिला होता.

दुकानात जाऊन मी अब्बांवर अशी ओरडले की गिऱ्हाईक उठून गेलं. "विचारायचं तरी होतं!"

"तूच म्हनालीस, इष खातंय. खाल्लं म्हंजी संपलं."

संपत नाही! धातू फक्त जागा बदलतो. वर्गात मी पेशीभिंतीची आकृती चुकली तर मुलांना उभं करते, आणि स्वतःच्या बापाला मात्र बाळाला भरवावं तसं अर्धं शास्त्र भरवलं. माझीच मला चीड आली.

सुभेदारांना वाफ्यापाशी सगळं सांगितलं. त्यांची गरोदर सून रोज तीच भाजी खात होती. तिला डॉक्टरकडे न्या, मेथी उपटा, वरची माती खरवडून काढा, असं मी म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"काढतो की," ते म्हणाले. "पन न्हेऊन टाकू कुनाच्या रानात?"

ती माती पोत्यांत भरून मी आमच्याच परसात ठेवली. अजून तिथेच आहे.