खिडकी मोठी करा

पोरांनो, मी निघालो त्या सकाळी स्टँडवर तुम्हाला हसवत होतो, आठवतंय ना? हेडसरांची नक्कल केली, कंडक्टरची तर त्याच्यासमोरच केली. बाबा सूतगिरणीतली पाळी मध्येच सोडून आले होते, केसांत कापूस तसाच. ते हसले नाहीत. म्हणाले, "पुण्यात लोकायच्या नकला नको करजो. मार खाशीन."

मार नाही पडला. पुण्यात मारत नाहीत, बोलतात. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीच्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून स्वतःचा आवाज ऐकला. दारातूनच म्हणाले, "अहो, आम्ही भाडेकरू ठेवलाय. कलाकार मागवला नव्हता." तो टोनही मी दोन दिवसांत उचलला.

इकॉनॉमिक्समध्ये एमए झालं. बरोबरची पोरं कम्प्युटरचे क्लास लावून एकेक करत काचेच्या बिल्डिंगांत गेली, गळ्यात आयकार्डाचे पट्टे घालून. मी राहिलो आमच्या प्रोफेसर सरांकडे, रिसर्च असिस्टंट.

काम असं, की मोठ्या शहरापासून लांब जावं तसं घरातल्या माणसांना वर्षातून किती महिने काम मिळतं, ते शोधायचं. गावोगाव फॉर्म भरले, आपल्या गावचे मीच भरले. पुष्कळ लोक आधीच ठरवतात की आलेखातली रेष सरळ जाणार, मग आकडे तिच्यावर बसवतात. आमच्या पद्धतीत आकार आधी ठरवायचा नाही. प्रत्येक अंतरावर आसपासच्या घरांची सरासरी काढायची आणि रेष जाईल तिकडे जाऊ द्यायची. आसपास म्हणजे किती लांबपर्यंत, तेवढं मात्र आपण ठरवायचं. त्याला आम्ही खिडकी म्हणायचो. खिडकी लहान ठेवली तर रेष दारू प्यायल्यासारखी चालते. फार मोठी केली तर भाकरीसारखी सपाट होते.

मधली खिडकी घेतली आणि एका ठिकाणी रेष खाली कोसळली. अंतर बघितलं तर आपलं गाव. मीच भरलेले फॉर्म, पण एकेक वाचताना हे दिसलं नव्हतं. गिरणीत काम संपत चाललं होतं आणि कुणी बोलत नव्हतं. काम आटलेल्या कुठल्या गावांत सरकारने ट्रेनिंग सेंटर काढायची, ते याच रिपोर्टवरून ठरणार होतं.

मला कसंतरी झालं. आणि कसंतरी झालं की मी काय करतो, ते तुम्हाला माहीत आहे. इंटरकॉम उचलला आणि कम्प्युटर रूममधल्या शैलाताईंना सरांच्या आवाजात म्हटलं, "ताई, ती खिडकी मोठी करा. आपल्याला रस्ता दाखवायचाय, खड्डे नव्हे."

त्या हसतील असं वाटलं. त्या "हो सर" म्हणाल्या. मला वाटलं, ओळखलंय आणि मलाच बनवतायत. रिपोर्ट त्याच दुपारी गेला.

छापील कॉपी आली तेव्हा बघितलं. रेष गुळगुळीत, आपल्या गावावरून अलगद निघून गेलेली. सरांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. ओरडतील म्हणून वाट बघत होतो. ते चष्मा पुसत म्हणाले, "छान दिसतंय की. राहू द्या. मीही हेच सांगणार होतो."

नक्कल इतकी बरोबर जमेल असं मला वाटलं नव्हतं.

सेंटरांची यादी लागली. त्यात आपलं गाव नाही. का नाही, ते तुम्हाला आज कळतंय. तुमच्यातले जे इकडे येऊन पट्टे घालून बसलेत, त्यांनीही वाचा.

बाबा दर मंगळवारी पाळी चालू असताना गिरणीतल्या फोनवरून बोलतात. मागे यंत्रांचा एवढा गोंगाट असायचा की त्यांना ओरडावं लागायचं. "बाराही महिने काम हाये बापू, तू आपलं पाहाजो." अजूनही तेच सांगतात. घर म्हटलं की मला आता हा फोनच आठवतो. गेले काही मंगळवार मागे काहीच वाजत नाही. तरी बाबा ओरडूनच बोलतात.

मीही ओरडूनच उत्तर देतो.