मैलाचा दर आणि फराक्क्याची रांग

शेठजींना संध्याकाळपर्यंत एकच आकडा हवा होता: ड्रायव्हरला मैलामागे किती पैसे द्यायचे. महिन्याचा पगार बंद, गाडी जेवढी धावेल तेवढे पैसे. कलकत्त्यात स्ट्रँड रोडवरच्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मी कॉस्टिंग बघायचो, म्हणजे एक फेरी केवढ्याला पडते याचा हिशेब. साठचं दशक संपत आलं होतं. किलोमीटर आले होते, पण आमच्या ट्रकांचे मीटर अजून मैलच दाखवायचे.

कागदावर गणित सोपं होतं. सिलिगुडीला जाऊन-येऊन सुमारे सातशे मैल. महिन्याला चार फेऱ्या धरल्या, तर मैलाला सात पैशांत जुना पगार भरून निघत होता. घोडं अडत होतं फराक्क्याला. तिथे गंगेवर तेव्हा पूल नव्हता. ट्रक बोटीवर चढवून पलीकडे न्यायचे आणि बोटीसाठी कधीकधी दोन-दोन दिवस रांग. पाणी चढलं की त्याहून जास्त. तेवढा वेळ मीटर जागचा हलत नाही.

सुखदेव सिंग हा आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर. भवानीपूरला राहायचा. बातमी कळताच तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. रात्री समोरच्या गाड्यांच्या दिव्यांनी त्याला दिसेनासं व्हायचं, म्हणून तो दिवसाच चालवायचा. पगार असताना याला कुणी हरकत घेतली नव्हती. पण अशाने त्याच्या तीनच फेऱ्या व्हायच्या, आणि तीन फेऱ्यांच्या मैलांत त्याचं घर चालणार नव्हतं.

“जोशीबाबू, घाट पे खड़ा रहना भी तो ड्यूटी है,” तो म्हणाला. “रात को मत चलवाओ मुझसे.”

मला पटलं. मी मैलाच्या दराशेजारी हॉल्टिंग मांडलं, म्हणजे घाटावर थांबावं लागलं तर दिवसाचे ठरावीक पैसे. शेठजींनी नाक मुरडलं. मी बराच वाद घातला. शेवटी घाटावरच्या बाबूची पावती आणायच्या अटीवर त्यांनी होकार दिला.

सुरुवात बरी झाली. मग हॉल्टिंगची बिलं फुगायला लागली. नदी शांत, रांग लहान, तरी आमचे ट्रक उभेच. चौकशी केल्यावर कळलं की आमच्यातले काही जण रांगेतला नंबर विकत होते. घाटावरची ही जुनी रीत. ज्याच्या गाडीत मासळी नाहीतर केळी नासत असतील, तो पुढच्याला पैसे देऊन त्याची जागा घ्यायचा आणि पुढचा मागे जायचा. पूर्वी उशीर झाला की शेठजींची बोलणी खावी लागत, म्हणून आमची माणसं त्या फंदात पडत नसत. आता नंबरचे पैसे तिकडून आणि थांबल्याचे आमच्याकडून. पावती खोटी म्हणायची सोय नव्हती, कारण माणूस खरोखरच थांबलेला असायचा.

शेठजींनी हॉल्टिंग बंद केलं, सगळ्यांचं. सुखदेवने एकदाही नंबर विकलेला नाही, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं.

“एक के लिए अलग रेट बनाऊँ?” ते म्हणाले. “कल सब सुखदेव बन जाएँगे.”

मला त्यांचा राग आला. त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं, याचा त्याहून जास्त आला.

सुखदेवने चौथी फेरी धरली आणि रात्री चालवायला लागला. थंडीचे दिवस, धुकं. कृष्णनगरच्या पुढे रस्त्यात एक बंद पडलेला ट्रक उभा होता, मागचा दिवा नसलेला. सुखदेवची गाडी त्याच्यावर आदळली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

हिशेब चुकता करायला तो कुबडीवर आला. शेठजींनी औषधपाण्याला काही पैसे दिले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शेवटच्या फेरीचा हिशेब माझ्याकडे होता. गाडी आदळली तिथपर्यंतचे मैल धरले. सव्वापाच रुपये झाले. ते त्याच्या हातावर ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“और अस्पताल के दिन?” त्याने विचारलं. “वो हॉल्टिंग में पकड़ लो, जोशीबाबू. वहाँ भी नंबर नहीं बेचा किसी को.”

तो थोडासा हसला. मला हसता आलं नाही.

पुढे आणखी दोन कंपन्यांत मी असेच दर काढून दिले. गाडी उभी असताना ड्रायव्हरने खायचं काय, हे मी दोन्ही ठिकाणी आधी विचारलं. ते मागाहून बघू, असं उत्तर मिळालं, आणि मी आकडा काढून दिला.