वैशालीच्या डोक्याचा खर्च

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या आमच्या गोडाऊनमध्ये माल सकाळी येतो आणि संध्याकाळी जातो. किस्से तेवढे येतात आणि बसून राहतात. त्यांना ना ट्रक, ना गेटपास! मी गेटवर खुर्ची टाकून बसतो, म्हणून सगळे माझ्याच पायाशी साठलेत. गोडाऊन उभं आहे ती जमीन आमचीच. माझा वाटा मी वेळेआधी विकला, थोरल्या वहिनीने तिचा ठेवला. म्हणून ती भाडं घेते आणि मी गाड्यांचे नंबर लिहितो. अक्कल उशिरा येते, तोवर तिथे स्लॅब पडलेला असतो.

तर हे किस्से वैशालीच्या डोक्याचे.

वैशाली आमच्या ऑफिसातली डिस्पॅच क्लार्क. भिवंडी शहरात राहते. नवरा शाळेत क्लार्क, एक मुलगी आठवीत. बाई कामाला वाघीण. पण तिला मायग्रेन. अर्धशिशी म्हणा. महिन्याचे पंधरा दिवस डोकं ठणकतं. त्या दिवशी ती दिवा बंद करून टेबलावर डोकं टेकते आणि बाहेर ट्रकांची लाईन लागते, कारण तिच्याशिवाय गेटपास निघत नाही. आमचे सुपरवायझर खरात साहेब कॉम्प्युटरवर बसले की नाशिकचा शाम्पू नागपूरला जातो.

हेड ऑफिसने खरात साहेबांना सांगून ठेवलं होतं, या बाईच्या सुट्ट्या कमी झाल्या नाहीत तर दुसरी बाई बघा. हे वैशालीलाही ठाऊक होतं. त्याने डोकं अजून दुखायचं!

*

डोकं दुखायच्या आधी तिला जांभया येतात. हे डॉक्टरला कळायच्या आधी हमालांना कळलं.

रामआसरे आमचा मुकादम. सकाळी तो मालाआधी मॅडमचं तोंड बघायचा. एक जांभई म्हणजे साधी. तीन झाल्या की दुपारपर्यंत मॅडम आडवी. मग त्याआधी गाड्या भरून गेटपास काढून घ्यायचे, नाहीतर सगळ्यांची ड्युटी लांबणार.

एकदा मॅडमने आल्या आल्या पाच जांभया दिल्या.

रामआसरे ओरडला, "पाँच आया, पाँच! जल्दी करो! आज मॅडम बारह बजे से पहले गयी!"

हमालांनी तासाभरात दोन गाड्या भरल्या. माणसं घामाने निथळली. बारा वाजले, एक वाजला, मॅडम ठणठणीत! डबा खातेय!

रामआसरे कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभा राहिला. "मॅडम, दर्द नहीं हुआ?"

"नहीं तो. कल हमारे साहब खर्राटे मार रहे थे, नींद नहीं हुई."

रामआसरे मटकन खोक्यावर बसला. म्हणाला, "मॅडम, नींदवाली हो तो पहले बता दिया कीजिए. हमारा आदमी मर जाएगा!"

*

उपाय सगळ्यांनी सांगितले. फुकटचे उपाय सांगायला पैसे पडत नाहीत. मीही सांगितला.

माझ्या बायकोचे गुडघे वज्रेश्वरीच्या गरम कुंडांनी सुटले होते. म्हटलं, गुडघ्याला चालतं ते डोक्याला का चालणार नाही? एका रविवारी वैशाली, तिची मुलगी आणि मी, एसटीने गेलो.

कुंडापाशी वाफ, वर ऊन आणि त्या पाण्याला गंधकाचा वास. बाईला वासाचंच वावडं! पाच मिनिटांत तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. पाण्याला बोटसुद्धा लागलं नाही. नारळाच्या दुकानात तासभर सावलीला बसली आणि तोंडावर ओला टॉवेल टाकून परत.

एसटीत मी म्हटलं, "पाण्यात खोट न्हाय हां. गुडघ्यांना हमखास लागू पडतं."

टॉवेलाखालून आवाज आला, "बाबा, गुडघे माझे एकदम झकास आहेत. वरचंच तेवढं फुटलंय."

*

शेवटी ठाण्याचा डोक्याचा डॉक्टर. नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून सोबत मी. गोळ्यांचे सगळे प्रकार करून झाले होते. डॉक्टर म्हणाला, आता इंजेक्शन. कपाळ, कानशिलं, मान, खांदे, मिळून एकतीस जागी सुई. दर तीन महिन्यांनी. एका वेळचे पस्तीस हजार.

वैशालीने पर्स उघडून परत मिटली. तिच्या पगारापेक्षा आकडा मोठा होता.

मी आयुष्यभर बाजार केलाय. मी कशाला गप्प बसतो? म्हटलं, "डॉक्टर, एक विचारू? हिची अर्धशिशी हाय ना?"

"हो."

"अर्धंच डोकं दुखतं ना?"

"बहुतेक वेळा."

"मग पैसे पूर्ण डोक्याचे कशाला? पंधरा सुया मारा, एक तुमच्याकडून!"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. वैशालीने डोळे मिटले. डॉक्टर म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी तुम्ही बाहेर बसा. बाहेर एसी आहे."

*

कंपनीचा मेडिक्लेम होता. म्हटलं, ते कशासाठी आहे? खरात साहेबांनी ऑफिसातून फोन लावला, स्पीकरवर टाकला. आम्ही सगळे भोवती.

पलीकडची पोरगी गोड बोलत होती. "सर, हे इंजेक्शन सुरकुत्यांसाठी वापरतात. ते सौंदर्यात जातं."

मला राहवलं नाही. "ए बाय, मानेत सुया मारून कोण सुंदर झालंय आजवर?"

"बरं सर, पेशंट चोवीस तास ॲडमिट होता का?"

"दहा मिनिटांचं काम हाय ते!"

"मग क्लेम बसत नाही सर."

खरात साहेब म्हणाले, "अहो, पण या मॅडमचं डोकं तीन-तीन दिवस दुखतं! चोवीस तास कसले, बहात्तर!"

पोरगी म्हणाली, "हो सर, पण ते घरी दुखतं ना."

*

पहिल्या वेळचे पैसे नवऱ्याने पतपेढीतून काढले. पंधरा दिवसांनी गुण दिसला. पंधरा दिवसांचं दुखणं सहा-सात दिवसांवर आलं. ट्रकांची लाईन गेली. हेड ऑफिस गप्प झालं. पण एक भानगड झाली. बाईचं कपाळ हलेना!

आधी तिने नुसत्या भुवया वर केल्या की ड्रायव्हर खिशातले सगळे कागद काढून ठेवायचे. आता रागावली तरी कपाळ कसं, नव्या फरशीसारखं!

एक ड्रायव्हर दहा मिनिटं तिच्याशी हुज्जत घालत होता. मजेत. अधूनमधून हसत होता. तिने त्याची गाडी यादीत सगळ्यात खाली टाकली. तो माझ्याकडे आला. "चाचा, मॅडम ग़ुस्सा कब हुई?"

म्हटलं, "तुम आये तबसे!"

दुसऱ्या दिवशी वैशालीने खोक्याचा पुठ्ठा कापून टेबलावर उभा केला. वर मार्करने लिहिलं, 'मॅडम ग़ुस्से में है'. राग नसेल त्या दिवशी पुठ्ठा आडवा करायचा असं ठरलं होतं. तो आडवा पडलेला मी अजून पाहिला नाही.

*

आणि आता हिराबाई. माझी थोरली वहिनी, या गोडाऊनची मालकीण. अंगावर अर्धा किलो सोनं, भाड्याचा चेक स्वतः न्यायला येते, कारण बँकेवर विश्वास नाही आणि मुलांवर त्याहून नाही.

तीन महिने भरत आले होते. वैशालीचं दुखणं हळूहळू परत चढत होतं. ती मला म्हणाली, "बाबा, या वेळी जमणार नाही. पतपेढीचेच फेडतेय अजून. होईल ते होईल." म्हणजे काय होईल ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. टेबल जाईल.

त्याच दिवशी हिराबाई चेक घेऊन माझ्या खुर्चीपाशी थांबली. "बाळाराम, त्या पोरीचं कपाल येवढं गुलगुलीत कसं रं? कंचं क्रीम लावते?"

मी सांगितलं. सुया, बाटली, सगळं. बाटलीत औषध दोनशे मापं, हिला लागतं एकशे पंचावन्न आणि उरलेलं डॉक्टर फेकून देतो, हेही सांगितलं. त्या फेकण्याचा राग मला तीन महिने होता!

हिराबाईलाही आला. "फेकतो? पैसे घेऊन फेकतो?" मग हळूच म्हणाली, "रेखाचं लगीन पुढल्या महिन्यात हाय."

रेखा तिची नात.

दोघींना घेऊन मी ठाण्याला गेलो. एका बाटलीत दोघींचं भागवा म्हटल्यावर डॉक्टर आधी हसला, मग म्हणाला, दोघी एकाच वेळी आल्या, सुया वेगळ्या, तर चालेल. वहिनीच्या वाट्याचे आठ हजार होतील.

हिराबाई खुर्चीतून उठलीच. "मना काय भिकारीन समजला? अर्धी बाटली बोलले म्हंजे अर्धे पैसे घे!"

वैशाली म्हणाली, "मावशी, अहो, तुम्हाला पाव पण औषध नाही लागणार."

"गप गो! भाडं काय मी एकटीच खाऊ?" अर्ध्या पैशांत वैशालीच्याही सुया झाल्या.

लग्नात हिराबाई मिरवली. हळदीला बायका म्हणाल्या, वयनी धा वर्सांनी ल्हान झाली. पण पाठवणीच्या वेळी घात झाला. नात गळ्यात पडून रडतेय, हिराबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्यात आणि कपाळावर एक रेघ नाही!

नवऱ्याकडची मावशी शेजारणीला म्हणाली, "आजीला काय दुख न्हाय बग. नात जड झालेली."

रेखाने तोंड वर करून बघितलं आणि रडता रडता विचारलं, "आजी, तुला काय नाय वाटत?"

हिराबाई ओरडली, "वाटतंय गो! आतून वाटतंय!"

त्यानंतर महिना-दीड महिना ती गोडाऊनकडे फिरकली नाही. चेक मुलगा नेऊ लागला. लोकांत शोभा झाली, आता कशाला येते? इकडे वैशालीचे परत तीन महिने भरत आले. दर सकाळी ती कॅलेंडर बघायची. मी म्हटलं, "वहिनीला विचारू?" म्हणाली, "नको बाबा, माझ्यापायी त्यांना बोलणी बसली. कुठल्या तोंडाने विचारायचं?"

परवा दुपारी ऑफिसचा फोन वाजला. वैशाली गेटपास काढत होती, हात मोकळे नव्हते, म्हणून तिने स्पीकर लावला. पलीकडे हिराबाई. आजूबाजूला कुणी ऐकू नये म्हणून दबक्या आवाजात. तो दबका आवाज माझ्या खुर्चीपर्यंत आला.

"गो बाय, नातवाचा साखरपुडा ठरलाय नि माझ्या कपालावर परत रेघा आल्यात. तुझं डोकं दुखाया लागलं का न्हाय अजून?"