आईच्या आवाजाचा फोल्डर

रुग्णालयाच्या टेलिफोनवर तीस वर्षं बसलेल्या बाईचा आवाज काय चीज असते, हे तिथे फोन केलेल्यांना विचारावं. आईने "थांबा हं, जोडून देते" म्हटलं की रडवेला माणूससुद्धा थांबायचा. आता सोमवारी ऑपरेशन होतं. गळ्यातली गाठ काढताना स्वरयंत्रही जाणार होतं. तोवर दिवसाकाठी अर्धाच तास बोला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तिचा धाकटा मुलगा प्रोग्रॅमर. हातपाय गाळण्याऐवजी त्याने प्रोग्रॅम लिहिला. आईने रोजच्या बोलण्यातली दोनशे वाक्यं त्यात बोलून ठेवायची. पुढे बटण दाबलं की ती तिच्याच आवाजात ऐकू येतील. खाली 'फोल्डर उघडा' असं आणखी एक बटण होतं, रेकॉर्डिंग जमा झालं की नाही ते बघायला. हे बटण त्याच्या लिनक्सवाल्या संगणकावर चाललं, बहिणीच्या मॅकवर चाललं. आईच्या विंडोजवर तपासायचं तेवढं राहिलं. इतरांच्या चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या गृहस्थाच्या दिव्याखाली हा अंधार.

शनिवारी तो घरी आला तेव्हा आईचा आवाज पार बसला होता.

"किती वाक्यं झाली?"

"एकही नाही," ती कुजबुजली. "जमाच होत नाही रे. ते बटण दाबलं की लाल चौकट येते, फोल्डर उघडता आला नाही म्हणून. मग मी परत बोलते."

"मला फोन का नाही केलास?"

"तू कामात असतोस. म्हटलं, आपलंच काही चुकत असेल."

त्याने बटण दाबलं. लाल चौकट आली. मग प्रोग्रॅमची खिडकी बाजूला सारली, तर मागे फोल्डर उघडलेलाच होता. काखेत कळसा, दुसरं काय! मॅक आणि लिनक्स फोल्डर उघडून झाला की 'शून्य' कळवतात, म्हणजे सगळं ठीक. विंडोज फोल्डर व्यवस्थित उघडतं आणि तरी 'एक' कळवतं. शून्य नाही म्हणजे बिघडलं, असं त्याने तिन्हीकडे धरून टाकलं होतं. वर आईला अक्षरं मोठी दिसावीत म्हणून खिडकी पडदाभर केली होती, तीही त्यानेच; फोल्डर तिच्यामागे झाकला जायचा.

फोल्डरमध्ये एकेचाळीस फायली होत्या. सगळ्या यादीतल्या पहिल्याच वाक्याच्या: 'पोहोचलास की फोन कर.' पहिली खणखणीत. तिसावीनंतर घसा खरखरायला लागला होता. शेवटची म्हणजे नुसता श्वास. तीन दिवसांचा आवाज एका वाक्यावर खर्ची पडला होता, आणि तो आपल्यामुळे पडला, हे कळून त्याला भडभडून आलं.

"रडून झालं की ते नीट कर," आई म्हणाली. "उद्या बोलते उरलेलं."

दोन ओळींचं काम होतं. ते त्याने लगेच उरकलं. रविवारी सकाळी आवाज थोडा परतला, पण दहाबारा वाक्यांपुरताच. बहिणीने फोनवरून गरजेची निवडून दिली: पाणी हवंय, दुखतंय, दिवा बंद कर. आईने ती ऐकली आणि नकारार्थी मान हलवली.

"हे काय, मी कागदावर लिहून दाखवेन. माईक लाव."

ती ताठ बसली, जशी टेलिफोनपुढे बसायची.

"बाळा, तुझं काही चुकलं नाही हं. आधी जेवून घे, मग बघू."

"हे कशाला, आई?"

"तुला ओळखत नाही का मी? वर्षानुवर्षं मनाला लावून घेशील. तेव्हा हे लावत जा." तिने पाण्याचा घोट घेतला. "बघ, जमा झालं का?"

त्याने बटण दाबलं. फोल्डर समोरच उघडला, फाईल जागेवर होती. त्याने मान डोलावली. मग पुढच्या वाक्यासाठी माईक तिच्याकडे सरकवला.