मेंढीखाली कोरलेली सही

रूबेन सॅलिस आमच्या गावचा पाथरवट. चर्चच्या आवारातली लोकरीच्या व्यापाऱ्याची तीनशे वर्षांची कबर आधी त्याच्या बापानं सांभाळली, मग त्यानं. कबरीच्या दर्शनी शिळेवर एक मेंढी कोरलेली, मान वळवून कोकराला हुंगणारी. पावसापाण्यानं ती झिजत चालली होती.

चर्चचा कारभारी लायनेल टॅपस्कॉट म्हणजे रूबेनचा शाळेपासूनचा दोस्त. एकदा बिअर पिताना तो म्हणाला, "हुबेहूब नक्कल करून दे. ती बाहेर लावू, मूळ शिळा आत कोरड्यात ठेवू."

"मेंढीचं नाक जमायचं नाही रे मला."

"तुला नाही तर कुणाला जमणार?"

अख्खा हिवाळा रूबेन त्या शिळेपुढे बसून होता. बायको डोरिंडा म्हणायची, "माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीस!" ईस्टरला नक्कल बसली. जुनी शिळा दोघा मित्रांनी घोंगडीत गुंडाळून चर्चच्या मागच्या खोलीत ठेवली.

जूनमध्ये रूबेन ती पाहायला गेला, तर नुसती घोंगडी पडलेली.

लायनेल बागेत गुलाब छाटत होता.

"शिळा कुठंय?"

"विकली. चर्चच्या छपराचं काम काढायचंय ना."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर नक्कल केली असतीस?" लायनेल हसला. "अन् फरक कुणाला कळतोय? तुझंच कौतुक आहे ते!"

रूबेन घरी येऊन डोरिंडाला एवढंच म्हणाला, "चोरी त्यानं केली, पण हात माझे वापरले गं."

रविवारी प्रार्थना संपून लोक बाहेर पडले, तेव्हा तो कबरीपाशी गुडघे टेकून छिन्नी चालवत होता.

"अरे, काय करतोयस?" लायनेल ओरडला.

"सही करतोय."

मेंढीच्या पायाखाली अक्षरं उमटली : 'ही नक्कल आहे. रूबेन सॅलिस, १९७३.'

"मग खरी कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"कारभाऱ्याला विचारा."

लायनेलला कारभार सोडावा लागला. शिळा मात्र परदेशी गेली ती गेलीच. एकाच गल्लीत राहून रूबेन पुढं वीस वर्षं त्याच्याशी बोलला नाही.

लायनेल वारला तेव्हा त्याची मुलगी ऑड्रे मला सोबत घेऊन रूबेनकडे गेली. बापाच्या थडग्याचा दगड त्यानं कोरावा, अशी तिची इच्छा होती.

"पोरी, तुझ्यावर राग नाही," तो हळूच म्हणाला. "पण त्याचं नाव माझ्या हातून कोरलं जायचं नाही."

त्यानं शेजारच्या गावातल्या पाथरवटाचा पत्ता लिहून दिला आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी तो जेवला नाही, असं डोरिंडा सांगते.